नंदूची अखंड काठी

ज्या गुरुवारी सगळ्या फुटबॉलवेड्या जगाचं लक्ष दोह्याकडे लागलं होतं, त्या गुरुवारी ऑफिस सुटल्यावर नंदू करंबेळकर एका मेट्रो स्टेशनची लिफ्ट टेपने मोजत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्ल्डकपचा ड्रॉ होता. कुठला देश कुठल्या गटात खेळणार हे सोडत काढून ठरायचं होतं, त्यासाठी देशोदेशीची बडी माणसं शहरात उतरली होती, आणि एरवी स्टेशनात जिथे एक सुरक्षारक्षक असायचा तिथे तीन उभे होते. त्यांतल्या एकाने, छातीवर हाफिज असं नाव लावलेल्याने, नंदूला लिफ्टच्या कोपऱ्यातून बाहेर यायला सांगितलं.

"भाईसाब, क्या नाप रहे हैं?"

"लिफ्ट."

"क्यों?"

"बांबू बैठता है क्या, देख रहा हूँ."

नंदूला वाटलं, खरं सांगितलं की माणूस सुटतो. नाशकात सुटतही असेल. इथे हाफिजने उरलेल्या दोघांना बोलावलं. पुढची काही मिनिटं त्या तिघांनी नंदूचं ओळखपत्र उलटसुलट पाहिलं, टेप उलटसुलट पाहिली आणि शेवटी, हा माणूस धोकादायक नाही, नुसता इंजिनिअर आहे, असा निष्कर्ष काढून त्याला सोडलं. टेपही परत केली. नंदूने जाता जाता प्लॅटफॉर्मवर डोकावून डब्याची लांबी नजरेने मापून घेतली, ती वेगळीच.

आता बांबूचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. कतारमध्ये मराठी घरं पुष्कळ आहेत, पण बांबू नाही. त्यामुळे पाडव्याला ज्याला जे मिळेल त्यावर गुढी उभी राहते. अल अझीझियातल्या जयमालाताई पडद्याच्या रॉडवर उभारतात, आणि दर वर्षी साडी नेसवली की तो रॉड ओळखू येत नाही हे मान्य केलं पाहिजे. नंदूकडे फरशी पुसायच्या मॉपची दांडी होती. ती उंचीला बरी होती. गेल्या पाडव्याला व्हिडिओ कॉलवर नाशकातल्या आईला गुढी दाखवताना नंदूने फोन वरच्या वर ठेवला होता, तांब्या, गाठी, कडुलिंब, जरीचा काठ. मग त्याची मुलगी अंतरा फोन घेऊन खाली वाकली आणि आई म्हणाली, "नंदू, काठीला खाली झुपके कसले रे?"

मॉप आहे म्हणून कळल्यावर आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "असू दे. परदेशात चालतं."

हे "चालतं" नंदूने वर्षभर उराशी बाळगलं. प्रमोशन हुकलं त्याचं त्याला एवढं लागलं नव्हतं. मार्च उजाडला तसा त्याने महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर एक लांबलचक संदेश टाकला: गुढीची काठी बांबूचीच हवी आणि ती अखंड हवी, तडजोडीने संस्कृती टिकत नसते. जयमालाताईंनी विचारलं, "अखंड असं कुठल्या शास्त्रात आहे?" नंदूने लिहिलं, "परंपरेत आहे." त्यावर ताईंनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, "मग पाडव्याला दुपारी तुमच्याकडेच जेवायला येतो आम्ही. बांबू बघायला."

म्हणजे आता माघार नव्हती. शिवाय आईला फोनवर सांगून झालं होतं, की यंदा गुढी पायथ्यापासून शेंड्यापर्यंत दाखवतो म्हणून.

बांबू सापडला तो पीटर तुस्कानोकडे. पीटर वसईचा, नंदूच्या ऑफिसातला, राहायला अल गराफात एका मोठ्या व्हिलाच्या मागच्या भागात. त्याची बायको नोरा इस्पितळात नर्स. वसईच्या माणसाला वीतभर माती मिळाली की तो तिथे वाडी करतो, तशी पीटरने केली होती. केळ होती, अळू होतं, आणि घरमालकाने शोभेसाठी भिंतीला लावलेलं बांबूचं बेट पीटरच्या पाण्यावर नको इतकं माजलं होतं. "एक काय, चार ने रे," पीटर म्हणाला. नंदूने एकच निवडला. सरळ, पिवळाधमक, बारा फुटांचा.

बारा फुटांचा बांबू गराफाहून अझीझियाला आणायचा कसा, यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारचे अरुणकुमार पाइपलाइनच्या कामातले. ते म्हणाले, "कापा आणि जोडा, आम्ही रोज तेच करतो." पण मग अखंड कसला? नोरा म्हणाली, गाडीच्या टपावर बांधा. पण पुढे-मागे हातभर बाहेर येणारी काठी पाहून ट्रॅफिक पोलीस काय म्हणतील या विचाराने नंदूला आदल्या रात्रीच घाम फुटला. पिकअपवाले बशीरभाई भले माणूस, पण रमजान तोंडावर आला होता आणि त्यांच्या पिकअपमध्ये लोकांच्या सामानाखेरीज बोट ठेवायला जागा नव्हती. "परसों ले लीजिए," ते म्हणाले. पाडवाच परवा होता.

तेव्हा नंदूला मेट्रो सुचली. डबा लांब, काठी लांब. इंजिनिअरच्या डोक्यात अशी गोष्ट एकदा बसली की तिला तिथून काढायला दुसरा इंजिनिअरच लागतो.

त्याची बायको सरोज इंजिनिअर नव्हती. ती चक्का बांधत होती. तिने मान वर न करता विचारलं, "बाल्कनीचं बघितलंस का?"

"बाल्कनी काय पळून जातेय? आधी मेट्रोचं बघू दे," नंदू म्हणाला.

मेट्रोत त्याने अंतरालाही न्यायचं ठरवलं. कारण एकट्या पुरुषाला स्टँडर्डच्या गर्दीत उभं राहावं लागतं, बायको किंवा मूल बरोबर असलं की फॅमिलीच्या भागात बसता येतं, आणि तिथे जागा मोकळी असते.

"सो आय ॲम युवर तिकीट?" तेरा वर्षांची अंतरा म्हणाली.

"तू माझी मुलगी आहेस."

"सेम थिंग."

शुक्रवारी सकाळी सरोजने बापलेकीला गाडीने गराफाला सोडलं आणि ती श्रीखंडाकडे परतली. पीटरने बांबू धुऊन पुसून ठेवला होता. स्टेशन चालत जाण्याजोगं होतं, म्हणजे वसईच्या माणसाला. पुढे नंदू, मागे पीटर, मध्ये बांबू, बाजूला मान खाली घालून अंतरा, अशी मिरवणूक निघाली. पीटरने सोयीसाठी बांबू खांद्यावर घेतला, तसा नंदू दचकला.

"खांद्यावर नको! हातात धर, हातात."

"का रे?"

"आमच्यात खांद्यावर बांबू... सणाचा आहे ना. हातात धर."

पीटरला उमगलं. त्याने कपाळावर क्रूस काढला आणि बांबू हातात घेतला. हातात धरलेला बांबू खांद्यावरच्यापेक्षा दुप्पट जड लागतो. वाटेत वर्ल्डकपच्या कामांसाठी फुटपाथ उखडलेला, त्यामुळे वळसे घालायचे, आणि बांबूला वळसा घालायला लावणं म्हणजे बैलगाडी जिन्यावरून नेणं. एका वळणावर मोठी पांढरी गाडी थांबली. काच खाली झाली आणि आतल्या कतरी गृहस्थांनी अगत्याने विचारलं, "फिशिंग?"

"न्यू इयर," नंदू धापा टाकत म्हणाला.

"माशाल्ला," ते म्हणाले, आणि गेले.

स्टेशन आलं. स्टेशन बंद होतं.

शुक्रवारी मेट्रो दुपारी दोनला सुरू होते, हे दोह्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. नंदूच्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक होतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"यू नेव्हर आस्क्ड. यू ओन्ली आस्क्ड द लिफ्ट साइझ."

नंदूने तालीम गुरुवारी केली होती आणि गुरुवारी मेट्रो चालू होती, एवढाच काय तो दोष. त्याने तो मनातल्या मनात वेळापत्रक करणाऱ्यांवर टाकला. वरात आली तशी परत गेली. पीटरकडे ईस्टरआधीच्या उपासकाळातला शुक्रवार, म्हणून घरात मटण-मासळी नव्हती. नोराने वालाचं बिरडं वाढलं आणि जेवता जेवता चौथ्यांदा सुचवलं, की टपावर बांधलं असतं तर एव्हाना पोचला असता. नंदूने बिरड्याची स्तुती केली.

दोनच्या ठोक्याला तिघं पुन्हा स्टेशनात. दारात हाफिज. त्याने आधी बांबू पाहिला, मग तो बांबू नंदूच्या हातात आहे हे पाहिलं आणि जुना स्नेही भेटावा तसा म्हणाला, "आ गए आप!" पण आज त्याच्या वर एक सुपरवायझर होती. तरुण, फिलिपिनो, कमालीची नम्र.

"सर, व्हॉट इज दिस?"

आपण गुढी या विषयावर इंग्रजीत कधी बोललो नाही, हे नंदूच्या तेव्हाच लक्षात आलं. "इट इज काइंड ऑफ अ फ्लॅग," तो म्हणाला. "फॉर व्हिक्टरी."

बाईंचा चेहरा उजळला. "विच टीम, सर?"

"नो टीम. इंडिया."

"इंडिया इज इन वर्ल्डकप?"

"नॉट इन वर्ल्डकप. न्यू इयर. टुमॉरो."

तारीख एक एप्रिल होती. बाईंनी हाफिजकडे पाहिलं, हाफिजने छताकडे पाहिलं. नंदूने मग ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण केली तिथपासून सुरुवात केली. मागे रांग साचत गेली. अंतरा हळूहळू सरकत एका खांबाआड गेली. सृष्टी निर्माण होऊन शालिवाहनापर्यंत येते न येते तोच बाईंनी अत्यंत आदराने सांगितलं, की सण फार छान आहे, हॅपी न्यू इयर, पण एवढी लांब वस्तू आत नेता येणार नाही. आज तर नाहीच.

"पण लिफ्टमध्ये तिरका बसतो! मी मोजलंय!"

"आय नो, सर," बाई म्हणाल्या. "दे टोल्ड मी."

शेवटी हाफिज त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "भाईसाब, काट दीजिए. छोटे टुकड़े सामान में आ जाएँगे. मैं बात करता हूँ."

"अखंड होना चाहिए."

"घर पहुँचना चाहिए," हाफिज म्हणाला.

नंदूने पीटरकडे पाहून मान हलवली. पीटर घरी जाऊन करवत घेऊन आला. स्टेशनबाहेर झाडाच्या टीचभर सावलीत बांबू आडवा पडला. "कुठे कापू?" पीटरने विचारलं. "तुला वाटेल तिथे," नंदू म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं. पीटरने पेरं बघून, चार-चार फुटांचे तीन नीट तुकडे केले. करवतीचा आवाज नंदूला नको होता तेवढा ऐकू आला. पाठ थोपटून पीटर म्हणाला, "बांबूच आहे रे, बाबा." तो घरी परतला आणि बापलेक आत गेले. सुपरवायझर बाईंनी तुकडे पाहिले आणि त्या हसल्या. हाफिजने सलाम केला.

फॅमिलीच्या भागात खरोखरच जागा होती. नंदू बसला, मांडीवर बांबू ठेवला आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्याला जरा माणसात आल्यासारखं वाटलं. समोरच्या बाळाने बांबूचं टोक पकडलं, ते त्याने पकडू दिलं.

हे सुख मुशैरिबपर्यंत टिकलं. मुशैरिबला तिन्ही लाइन एकत्र येतात, आणि त्या दिवशी तिथे ड्रॉसाठी आलेली सगळी पृथ्वीही एकत्र आली होती. गोल्ड लाइनची गाडी लागली. अंतरा दोन तुकडे घेऊन चपळाईने चढली. नंदू तिसरा तुकडा घेऊन चढणार तोच रुंद टोप्या घातलेला एक घोळका आडवा आला. त्यांतल्या एकाला नंदूचा बांबू आवडला. हा कुठल्यातरी देशाचा जुना, निष्ठावान पाठीराखा असणार, असं समजून त्याने नंदूच्या गळ्यात हात टाकला आणि फोटो काढला. नंदू हसला, कारण फोटोत माणूस हसतोच. दारं बंद झाली. काचेपलीकडून अंतराने एक बोट वर करून दाखवलं.

"पुढची गाडी पकडा" असा त्याचा अर्थ होता. नंदूने तो "मला वाचवा" असा घेतला. जी गाडी दिसली तिच्यात, जो डबा समोर आला त्यात, तो बांबूसकट घुसला. डबा फॅमिलीचा होता. आत बायका आणि मुलं होती आणि सगळ्यांची नजर त्याच्यावर होती. एक कर्मचारी जवळ आला.

"सर, धिस इज फॅमिली. व्हेअर इज युवर फॅमिली?"

"पुढच्या गाडीत," नंदू घाईत मराठीतच म्हणाला, आणि मग तेच इंग्रजीत. कर्मचाऱ्याने सहानुभूतीने मान हलवली आणि त्याला स्टँडर्डमध्ये नेऊन उभं केलं. तिथे गेल्यावर नंदूने दारावरची स्टेशनांची पट्टी वाचली. गाडी अझीझियाच्या उलट दिशेला, रास बू अबूदकडे, चालली होती. ती वेळेवर चालली होती आणि थंडगार होती, तक्रारीला कुठेच जागा नव्हती. अख्ख्या दोह्यात त्या घडीला चुकीच्या ठिकाणी असलेली एकच वस्तू होती आणि तिच्या हातात चार फुटांचा बांबू होता.

तो घरी पोचला तेव्हा अंतरा केव्हाच येऊन, आंघोळ करून श्रीखंड चाटत बसली होती. "बाबा, आय शोड यू वन फिंगर. वन मोअर ट्रेन."

"आपल्यात एक बोट म्हणजे वेगळं असतं," नंदू म्हणाला. कुठे वेगळं असतं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी अरुणकुमार पाइपाचे दोन तुकडे आणि पट्ट्या घेऊन आले. टीव्हीवर ड्रॉ चालू होता. एकेक देश गटात पडत होता आणि इकडे बांबू जुळत होता. कापा आणि जोडा असं आपण पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, याचा अरुणकुमारांनी एकदाही उच्चार केला नाही. नंदूला ते जास्त बोचलं. पण सांधे पक्के बसले. वरून रेशमी वस्त्र आलं की अखंड बांबू म्हणून जयमालाताईंच्या तोंडावर मारता येईल असा तो झाला. नंदू दिवाणखान्यात त्याच्याकडे पाहत राहिला. त्याचा ऊर भरून आला.

पाडव्याची सकाळ. सरोजने रांगोळी घातली, पाट मांडला. रात्री चंद्र दिसला होता, त्यामुळे खालचा रस्ता रमजानचा, शांत. नंदूने सोवळं नेसून, तांब्या, खण, गाठी, रस्त्याकडेच्या झाडाचा कडुलिंब, सगळं बांधून काठी उचलली, बाल्कनीत आणली, उभी केली. ती उभी राहिली नाही. तांब्या ठणकन वरच्या मजल्याच्या स्लॅबला लागला.

नंदूने तिरकी करून पाहिली. पुन्हा ठणकन आवाज झाला.

सरोजने दारातून पाहिलं. तिने आत जाऊन टेप आणली, नंदूच्या हातात दिली आणि कढई उतरवायला गेली. बाल्कनी नऊ फुटांची होती. नंदूने मेट्रोची लिफ्ट मोजली होती, दारं मोजली होती, डबा नजरेने मापला होता. घरची बाल्कनी राहिली होती.

एक तुकडा काढला. आठ फुटांची गुढी मात्र देखणी उभी राहिली, खोटं कशाला बोला. नंदूने पूजा केली आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. नाशकात ऊन चांगलं वर आलं होतं.

"बघ आई," नंदूने फोन तांब्यापासून पाटापर्यंत सावकाश फिरवला. "बांबू. खाली बघ. झुपके नाहीत."

"अगो बाई, खरंच की रे!" आई म्हणाली. "कुठून आणलास? वाळवंटात?"

"मेट्रोने आणला," नंदू छाती काढून म्हणाला. "तुझी दाखव."

"माझी काय बघायची. झाली उभारून."

"दाखव तर."

आईने नाइलाजाने फोन फिरवला. नाशकाच्या गॅलरीत गुढी उभी होती. नेटकी, जरीच्या खणाची. नंदूला काहीतरी खटकलं. काठी फारच सरळ होती, आणि निळी होती.

"आई, ही काठी कसली?"

"मॉपची," आई म्हणाली. "तुझे बाबा होते तोवर ते आणायचे बांबू. मग वरचे गोगटे आणून द्यायचे, ते गेले मुलाकडे बंगळुरूला. आता तिसऱ्या मजल्यावर बांबू कोण चढवून देणार मला? गेल्या वर्षी तुझी बघितली आणि म्हटलं, कतारात चालतं तर नाशकात का नाही चालणार? झुपके मी काढून टाकले हो आधी."

ती हसली. अंतराही हसली. नंदूला हसू आलं नाही, त्याला वाईट वाटलं. सरळच वाईट वाटलं. अख्खं दोहा पालथं घालून त्याने स्वतःच्या बाल्कनीत बांबू आणला होता, आणि जिच्यासाठी आणला तिच्याकडे आणून द्यायला माणूस नव्हता. भिंतीला टेकलेला तिसरा तुकडा त्याच्या पायाशी होता. त्याने तो उचलून कॅमेऱ्यापुढे धरला.

"आई, मे महिन्यात येतोय ना, तेव्हा हा घेऊन येतो. याच बांबूचा आहे."

"विमानातून? तुला नेऊ देतील?"

"बाबा, चेक विथ द एअरलाइन फर्स्ट," अंतरा म्हणाली.

"विचारतो," नंदू म्हणाला. "या वेळी आधी विचारतो."

"केवढा आहे?" आईने विचारलं.

"चार फूट. पण आई, तू आधी गॅलरी मोज. कठड्यापासून वरपर्यंत."

"थांब हं," आई म्हणाली. तिने फोन तुळशीच्या कुंडीला टेकवला आणि कठड्यावर हात ठेवून वितीने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मध्येच चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. सरोज कढई सोडून येऊन उभी राहिली. आईचं मोजून होईपर्यंत कोणी फोन ठेवला नाही.